वाऱ्याला विचारलेला प्रश्न

नवीन पनवेलमधल्या त्या लहानशा मानसोपचार रुग्णालयात रंभाबाई घरत यांचं मुख्य काम गप्प बसण्याचं होतं. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे 'सहायक' एवढंच लिहिलेलं असे. चादरी बदलणं, पेशंटला हाताला धरून बाथरूमपर्यंत नेणं, नातेवाइकांना पंख्याखालची जागा दाखवणं ही कामं इतर बायकाही करत. पण दुसऱ्या मजल्यावरच्या चार नंबरच्या खोलीत, पेशंटच्या उशाशी, चाळीस मिनिटं तोंडातून अवाक्षर न काढता बसायचं काम डॉ. कीर्ती सबनीस फक्त रंभाबाईंना सांगत. नर्सेसना त्याचं हसू यायचं. एकदा एकीने विचारलंही, "मावशी, घरी पण अशाच बसता का हो?" त्यावर रंभाबाई म्हणाल्या होत्या, "घरी मी बोलते तेव्हा बाकीचे बसतात."

चार नंबरच्या खोलीत केटामाइन देत. हे भुलीचं जुनं औषध. ऑपरेशनला लागतं त्याहून बऱ्याच कमी मात्रेत ते पंपाने सावकाश शिरेत सोडलं, तर माणूस झोपत नाही, पण स्वतःपासून थोडा सुटतो. हातपाय आपले नाहीत असं वाटतं, भिंती लांब जातात, जुन्या गोष्टी समोर येऊन उभ्या राहतात. दोन-तीन प्रकारच्या गोळ्या पुरेसे दिवस घेऊनही ज्यांचं औदासीन्य हटत नाही, अशांपैकी काहींना त्याचा गुण येतो, काहींना येत नाही. आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे, असे एकूण सहा डोस. अळंबीतल्या द्रव्यावर आणि अशाच आणखी काही औषधांवर बाहेरच्या देशांत संशोधन चालू आहे, पण आपल्याकडे ती देता येत नाहीत. केटामाइन देता येतं, तेही भूलतज्ज्ञ समोर असताना. इथले भूलतज्ज्ञ डॉ. प्रितम पूर्ण वेळ मॉनिटरजवळ उभे असत.

डॉ. कीर्ती नव्या माणसांना एक गोष्ट नेहमी समजावून सांगत. "या औषधाने मन ओल्या सिमेंटसारखं होतं. त्या वेळात कोणी पाय टाकला की ठसा राहतो. म्हणून आत कोणी बोलायचं नाही. पेशंट बोलला तर ऐकायचं. अर्थ लावायचा नाही. अर्थ नंतर, तो पूर्ण शुद्धीवर आल्यावर, त्याच्याबरोबर बसून लावायचा."

रंभाबाईंना हे शिकवावं लागलं नव्हतं. त्यांचं माहेर उरणकडच्या एका खेड्यातलं. त्यांच्या आईच्या अंगात वारं यायचं. देवीच्या पालखीला, कधी पौर्णिमेला, कधी कोणाच्या घरचं दुखणं घेऊन लोक आले की. आई घुमू लागली की तिच्या मागे एका माणसाला बसावं लागे. तिचं डोकं भिंतीवर आपटू नये, ती दिव्यावर पडू नये म्हणून. सात-आठ वर्षांची झाल्यापासून रंभा मागे बसायची. आईला हलवायचं नाही, थांबवायचं नाही, नुसतं पडू द्यायचं नाही. पुढे लग्न होऊन त्या कोन गावात आल्या, दोन मुलींची लग्नं केली, नवरा गेल्यावर रुग्णालयात कामाला लागल्या, आणि लहानपणी अंगात मुरलेली ती रीत इथे उपयोगी पडली.

मात्र त्याच रीतीने त्यांना अडचणीत आणलं, ते दीनानाथच्या वेळी.

दीनानाथ कोनचाच. वय त्रेचाळीस. तो आणि धाकटा भाऊ काशिराम मिळून पाण्याचे दोन टँकर चालवायचे. नव्या इमारतींच्या साइटवर, ज्या सोसायट्यांना नळाचं पाणी पुरत नाही तिथे. अडीच वर्षांपूर्वी एका रविवारी गावच्या टेनिस बॉल क्रिकेटची फायनल होती आणि दीनानाथ संघाचा कप्तान होता. त्या दिवशीची त्याची फेरी त्याने काशिरामला करायला सांगितली. साइटच्या कच्च्या उतारावर भरलेला टँकर कलंडला आणि काशिराम जागीच गेला. फायनल कोनने जिंकली होती. बातमी आली तेव्हा दीनानाथच्या हातात ट्रॉफी होती.

तेव्हापासून तो उतरत गेला. आधी झोप गेली, मग जेवण, मग धंदा. टँकर चुलत पुतण्या हरेशने सांभाळायला घेतले. तीन वेगवेगळ्या गोळ्या झाल्या. मागच्या दिवाळीपासून दीनानाथ "मना आता नको", मला आता नको, एवढंच म्हणायचा, आणि काय नको ते विचारायची कोणाची छाती होत नव्हती. त्याची बायको मनिषा कामोठ्याच्या शाळेत नोकरीला. ती शाळेत असली की सासू, सासू बाजारात गेली की शेजारीण, असं कोणी ना कोणी त्याच्याजवळ बसलेलं असे.

डॉ. कीर्तींनी केटामाइन सुचवलं. दीनानाथ हो म्हणाला. त्याला कशालाच नाही म्हणायचं बळ नव्हतं. अडून बसली ती त्याची आई, भामाबाई. अडुसष्ट वर्षांच्या, ताठ कण्याच्या, घरात शेवटचा शब्द त्यांचा. डॉक्टरांनी दोनदा समजावलं, छापील माहितीपत्रक दिलं. भामाबाईंनी ते घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवलं आणि म्हणाल्या, "नशेची सुई माज्या पोराला नाय द्यायची."

त्या संध्याकाळी रंभाबाई त्यांच्या ओट्यावर गेल्या.

"वैनी, नशा नाय ती."

"मंग काय हाय? तूच सांग. तू आत बसतंस ना?"

रंभाबाईंनी क्षणभर विचार केला. डॉक्टरांचे शब्द त्यांना पाठ होते, पण त्या ओट्यावर त्यांचा काही उपयोग नव्हता. "अंगात वारं येतं ना वैनी, तसा होतो मानूस. घटकाभर. मंग उतरतं. मागं मी बसलेली असते. माजी आई नाय का, तिच्या मागं बसायची, तशी."

भामाबाईंचा चेहराच बदलला. "मंग असा सांग ना, रंभे! त्या डाक्टरनीनं दोन तास काय काय सांगितलान, मना कायपन नाय समजला."

रंभाबाई घरी परतल्या तेव्हा मनातून खूश होत्या. डॉक्टरांना जे दोन तासांत जमलं नाही, ते त्यांनी एका वाक्यात केलं होतं.

पहिला डोस झाला, दुसरा झाला. दीनानाथमध्ये काडीचाही फरक नव्हता. दोन्ही वेळा तो गप्प पडून राहिला, आणि उतरल्यावर "पांढरा पांढरा दिसला" एवढंच म्हणाला. डॉ. कीर्ती म्हणाल्या, तिसऱ्या-चौथ्याला काही वेळा फरक पडतो, आत्ता सोडू नका. पण गावात कुजबुज सुरू झाली होती. रंभेने नेलाय, मोठ्या दवाखान्यात नेलाय, आणि पोरगा आहे तिथेच आहे. तिसऱ्या डोसच्या आदल्या दिवशी भामाबाईंनी रंभाबाईंना रस्त्यात गाठून सांगितलं, "उद्याच्यानं नाय फरक पडला तर बस झाला. सुई बंद, गोळ्या बंद. भगताकडं नेनार."

गोळ्या बंद म्हटल्यावर रंभाबाईंना मनिषाचं बोलणं आठवलं. दोनच दिवसांपूर्वी मनिषाने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "काकी, तो रात्री उठून माझ्याकडे बघत बसतो. निरोप घेतल्यासारखा." हे रंभाबाईंनी डॉक्टरांना कळवलं होतं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "आता एकही डोस चुकता कामा नये. आणि त्याला एक मिनिट एकटं सोडू नका."

तिसरा डोस सोमवारी सकाळी दहाचा होता. पावणेदहाला भामाबाई जिन्यातच म्हणाल्या, "आज मी आत बसनार."

नियम असा होता की नातेवाइकांनी खाली थांबायचं. पण भामाबाई पायरीवर उभ्या राहिल्या आणि मुलाचा दंड सोडेनात. डॉ. कीर्ती खाली दुसऱ्या पेशंटबरोबर होत्या. रंभाबाईंनी दारातून डोकावून विचारलं.

"बोलणार नाहीत ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही बोलणार."

"हमी कोणाची?"

"माझी, मॅडम."

खोलीत पडदे ओढलेले होते. दीनानाथच्या डोळ्यांवर मऊ पट्टी, दंडाला रक्तदाब मोजणारा पट्टा, दुसऱ्या हाताला सलाइनची नळी. भामाबाईंना दाराजवळच्या खुर्चीत बसवलं. रंभाबाई उशाशी बसल्या. डॉ. प्रितमनी पंप सुरू केला आणि घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून सात मिनिटं.

पहिली दहा-बारा मिनिटं काहीच झालं नाही. मग दीनानाथची बोटं चादरीवर हलू लागली, जणू काही मोजत होता. श्वास लांब झाला. रंभाबाईंनी भामाबाईंकडे पाहिलं. त्या खुर्चीच्या टोकावर आल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता.

अठराव्या मिनिटाला दीनानाथ बोलला.

"टँकर भरला काऽय?"

आवाज जाड होता, ओढत आलेला. केटामाइनने जीभ जड होते, हे रंभाबाईंना ठाऊक होतं. पण भामाबाईंनी ऐकलं ते वेगळंच. टँकर भरला काय, हे रोज सकाळी काशिराम विचारायचा. अगदी असंच, शेवटचं अक्षर ओढून.

भामाबाई उठल्या. रंभाबाईंनी हात वर करून बसा म्हणून खुणावलं. भामाबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि तिच्यातून भंडाऱ्याची पुडी काढली. ती पुडी दिसताच रंभाबाईंना सगळं कळलं. वारं आलं की कपाळ भरायचं असतं आणि प्रश्न विचारायचा असतो. न विचारता वारं परत गेलं तर तो त्याचा अपमान. ते मग घरावर रुसतं. भामाबाई तयारीनिशी आल्या होत्या, आणि ही तयारी रंभाबाईंनीच त्यांच्याकडून करवून घेतली होती.

त्याच वेळी ओरडायला हवं होतं. पण या खोलीत बोलायचं नाही ही सवय इतकी घट्ट बसली होती की दोन-तीन क्षण रंभाबाईंच्या घशातून आवाजच फुटला नाही. तेवढ्यात भामाबाईंचा पिवळा अंगठा दीनानाथच्या कपाळावर टेकला होता.

"काशिराम, बाला, तू आयलास? सांग मना. तुला कुनी मारला?"

"आजी!" डॉ. प्रितम वळले.

दीनानाथचं तोंड उघडलं. "मी," तो म्हणाला. मग मोठ्याने, "मी मारला. मीच मारला."

आणि तो उठून बसायला लागला. नळी ताणली गेली. मॉनिटर टिटवीसारखा ओरडू लागला. वरचा रक्तदाब एकशे अडतीसवरून एकशे ब्याऐंशीवर गेला होता. डॉ. प्रितमनी पंप बंद केला. "आजींना बाहेर घ्या! सिस्टर!" नर्सने भामाबाईंना खांद्याला धरून दाराबाहेर काढलं. दीनानाथ पट्टी ओढून काढत होता, आणि उघडे डोळे कशावरच ठरत नव्हते. रंभाबाई पलंगावर चढून त्याच्या मागे बसल्या आणि दोन्ही हातांनी त्याला छातीशी धरलं. अशा वेळी तेवढी ठरलेली वाक्यं बोलायला मंजुरी होती, ती त्या सावकाश बोलू लागल्या.

"दिनू, तू पनवेलात हायस. दवाखान्यात हायस. मी रंभाकाकी. औषध उतरतंय."

सात-आठ वेळा म्हटल्यावर त्याचं अंग सैल झालं. रक्तदाब हळूहळू खाली आला. डॉ. प्रितमनी कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "जिवाला धोका नाही. पण पूर्ण उतरायला तास जाईल. तुम्ही बाहेर बघा."

बाहेर भामाबाई खिडकीशी उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. "हरेश, गाडी घेऊन ये. आताच्या आता. दिनूला न्यायचाय." कोनहून गाडी यायला पंचवीस मिनिटं. दीनानाथला शुद्धीवर यायला तास. रंभाबाईंनी मनात हिशेब केला. तो अर्धवट शुद्धीत असताना ही बाई आत शिरली आणि जे ऐकलं ते त्याच्या तोंडावर म्हणाली, तर ते तो जन्मभर पुसू शकणार नव्हता. जन्मभर म्हणजे किती दिवस, याचीही खात्री नव्हती.

डॉ. कीर्ती धावत वर आल्या. नर्सने दोन वाक्यांत सांगितलं.

"आजी," डॉक्टर म्हणाल्या, "या अवस्थेत माणूस जे बोलतो तो पुरावा नसतो. स्वप्नासारखं असतं ते."

"पुरावा कुनाला पायजे?" भामाबाई म्हणाल्या. "वारं खोटा बोलत नाय. माज्या एका पोरानं दुसरा मारला. त्याच्याच तोंडातून निघाला."

"वारं? कसलं वारं?"

"हिला इचारा!" भामाबाईंनी रंभाबाईंकडे बोट दाखवलं. "हिनंच सांगितला मना. वारं येतं म्हनून."

डॉक्टरांनी रंभाबाईंकडे पाहिलं. "तुम्ही असं सांगितलंत?"

"हो, मॅडम."

"का?"

"त्यांना कळावं म्हणून."

डॉक्टर पुढे काही बोलणार होत्या, पण आतून डॉ. प्रितमनी हाक मारली. जाता जाता त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी आत आहे. तोवर यांना काहीही करून थांबवा, रंभाताई. पाया पडा, पण थांबवा."

व्हरांड्यात दोघीच उरल्या. भामाबाई बाकावर बसल्या नाहीत. दाराकडे तोंड करून, हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. रंभाबाई दाराच्या आणि त्यांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"बाजूला हो, रंभे."

"नाय होनार. आधी ऐका. मंग ढकलून जा."

"तुजा ऐकून हे असा झाला."

"हां, माजीच चूक हाय. वारं येतं म्हनून मी सांगितला. पन वारं कसा असतं, ते नाय सांगितला. ते मी आजपतूर कुनालाच नाय सांगितला. नवऱ्याला पन नाय."

भामाबाईंनी पहिल्यांदाच दारावरची नजर काढून त्यांच्याकडे वळवली.

रंभाबाईंनी सांगायला सुरुवात केली. आमच्या शेजारी गुणाबाई म्हणून होती. अंगण एकच. आईने वाळत घातलेलं भात गुणाबाईच्या कोंबड्यांनी खाल्लं म्हणून भांडण झालं. आई संध्याकाळभर एकच बोलत होती, हिच्या मनात काळं आहे, हिची नजर वाईट आहे. मी ऐकत होते, भाकरी खात होते. दुसऱ्या दिवशी वरच्या आळीतलं एक पोर तापाने गेलं. लोक आईकडे आले. आईच्या अंगात वारं आलं. मी मागे बसलेली. लोकांनी विचारलं, पोराला कोणी खाल्लं? आई म्हणाली, शेजारणीने.

"मी बारा वर्षांची," रंभाबाई म्हणाल्या. "मना म्हाईत होता, वैनी. हे देवीचा नाय, हे काल रातचा हाय. भाकरी थापताना आई हेच बोलत होती. पन मी मागं गप बसले. मागं बसनारीनं बोलायचा नसतं ना. गुनाबाईला पानी बंद केला गावानं. तिच्या घराला कुनी जाईना. पावसाच्या आधी ती दोन पोरी घेऊन भावाकडं गेली, ती परत आयली नाय. आता कुठं हाय, हाय का नाय, मना नाय म्हाईत."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला. दोघींनीही कान टवकारले, हरेश नव्हता.

"तुजी आई खोटी होती," भामाबाई शेवटी म्हणाल्या, "म्हनून माजा पोरगा पन खोटा?"

"आई खोटी नव्हती. तिला खराच वाटत होता. देवी पन खोटी नाय. पन तोंड मानसाचाच असतं, वैनी. त्यात जे भरलेला असतं, तेच पयला बाहेर येतं."

हे बोलून रंभाबाई थांबल्या. याहून जास्त त्यांच्यापाशी काही नव्हतं. आता या बाईने ढकललं, तर त्या बाजूला झाल्या असत्या.

भामाबाईंनी आपल्या पिवळ्या अंगठ्याकडे पाहिलं. मग त्या बाकावर बसल्या. त्यांनी विचारलं, "म्हंजे अडीच वर्षं त्याच्या तोंडात हेच भरलेला हाय?"

"मना काय म्हाईत? त्याचा त्यालाच म्हाईत."

"मना हाय म्हाईत." भामाबाईंचा आवाज आत ओढल्यासारखा झाला. "काशिरामला नेला त्या दिवशी. सगली लोकं होती अंगनात. हा कोपऱ्यात बसलेला. मी त्याच्यापुढं गेले आन् बोलले, तुला फायनल पायजे होती ना? घे. जिंकलास. त्यावर तो काय बोलला नाय. मी पन परत काय बोलले नाय. मना वाटला, दुखात बोलते आई, इसरला असंल."

रंभाबाईंनी "असू द्या" म्हटलं नाही. असू द्या म्हणण्यासारखं ते नव्हतं.

फोन वाजला. हरेश खाली आला होता. भामाबाई म्हणाल्या, "वर नको येऊ. थांब तिथंच." आणि फोन ठेवून दिला.

साडेअकराला डॉ. कीर्तींनी दार उघडलं. रंभाबाईंनी त्यांना बाजूला नेऊन बाहेर काय झालं ते सांगितलं, गुणाबाईसकट. डॉक्टरांनी डोळे मिटून ऐकलं. मग भामाबाईंना म्हणाल्या, "त्याला सगळं आठवतंय. तो तुम्हालाच बोलवतोय. मी आत थांबणार. मी हात वर केला की तुम्ही थांबायचं. चालेल?"

"चालंल."

दीनानाथ उशीला टेकून बसला होता. कपाळ पुसलेलं होतं, पण भुवईच्या केसांत पिवळं राहिलं होतं. आईला पाहताच त्याने भिंतीकडे मान फिरवली.

"आये, मी बोललो ते ऐकलास ना?"

"ऐकला."

"आता काय करशील?"

रंभाबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या. डॉक्टरांचा हात मांडीवर होता, उचलायच्या तयारीत.

"तो बोल तुजा नाय," भामाबाई म्हणाल्या. "माजा हाय. अंगनात सगल्यांदेखत मीच बोलले तो. तुज्या तोंडात मी घातला."

"पन पाठवला तर मीच ना त्याला?"

"हां. तूच पाठवलास." भामाबाईंनी ते खोडून काढलं नाही. "फेरी होती म्हनून पाठवलास. लोकांना पानी पायजे होता. उद्या त्याला मॅच असती तर तू गेला असतास. असाच चालायचा तुमचा. उतार तू नाय खोदलास."

दीनानाथ भिंतीकडेच बघत राहिला. त्याचे खांदे हलले नाहीत, डोळ्यांतून पाणी आलं नाही. डॉ. कीर्तींनी हात वर केला. "आज एवढं पुरे."

दीड वाजता हरेशच्या गाडीतून ते तिघे गेले. जाताना गुरुवारी येतो असं कोणी म्हणालं नाही, आणि येत नाही असंही म्हणालं नाही.

संध्याकाळी रंभाबाईंनी डॉक्टरांच्या टेबलावर लेखी जबाब ठेवला. नातेवाइकाला आत घेतलं, हमी दिली, उपचाराची माहिती चुकीच्या शब्दांत दिली, असं तीन वाक्यांत. खाली सही. डॉक्टरांनी तो वाचला.

"चुकीच्या शब्दांत नाही," त्या म्हणाल्या. "अर्ध्या शब्दांत. वारं म्हणालात हे त्यांना पटलं, म्हणूनच तर त्या आल्या. पण इथे वाऱ्याला काही विचारायचं नसतं, हे सांगायचं राहिलं. त्याच्या घरच्यांची तयारी करून घेणं माझं काम होतं. ते मी तुमच्या ओट्यावरच्या गप्पांवर सोडलं. जबाब मलाही लिहावा लागेल. तरी महिनाभर तुम्हाला चार नंबरमध्ये जाता येणार नाही. खाली बसा."

"बरं, मॅडम."

मंगळवारी रंभाबाईंनी मनिषाला फोन केला. काही खात नाही, ती म्हणाली. बुधवारी मनिषानेच फोन केला. दोघे मायलेक सकाळपासून ओट्यावर बसले आहेत, एक या टोकाला, एक त्या टोकाला, बोलत नाहीत. "हे चांगलं की वाईट, काकी?" रंभाबाईंना सांगता येईना. गोळ्या घेतल्या का, एवढंच त्यांनी विचारलं. घेतल्या होत्या. आईनेच हातावर ठेवल्या होत्या.

गुरुवारी दहाला डोस. रंभाबाई तळमजल्यावर चौकशीच्या खिडकीशी बसल्या होत्या. दहा वाजले. दहा वाजून दहा मिनिटं झाली. वरून डॉ. प्रितमनी दोनदा फोन करून विचारलं, आले का? दहा-पंधराला रंभाबाईंनी कोनला दीनानाथच्या घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलला नाही. त्यांनी पुन्हा लावला. घरी कोणी नाही याचे दोनच अर्थ होत होते आणि त्यातला एक त्या मनात येऊ देत नव्हत्या. तिसऱ्यांदा लावताना नंबर चुकला.

दहा-वीसला काचेचं दार ढकलून दीनानाथ आत आला. मागे भामाबाई. "खांदा कॉलनीच्या सिग्नलला अर्धा तास," त्या कोणालाच उद्देशून म्हणाल्या आणि पदराने मान पुसली.

दीनानाथ खिडकीपाशी थांबला. दाढी वाढलेली होती, डोळे खोल गेलेले होते. तीन दिवसांत माणूस बदलला असं म्हणण्यासारखं काही नव्हतं.

"काकी, तू वर नाय?"

"नाय. आज दुसरी हाय."

"ती बोलत नाय ना?"

"नाय बोलत."

त्याने मान हलवली. मग आईकडे वळून म्हणाला, "आये, तू खालीच बस. वर मी बोललो तर उतरल्यावर तुला मीच सांगेन."

तो जिना चढू लागला. सावकाश, कठड्याला धरून, पण कोणी दंडाला धरलेलं नसताना. भामाबाई तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत उभ्या राहिल्या, आणि मग रंभाबाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

"किती वेल लागंल?"

"चालीस मिन्टं. मंग उतरायला तासभर."

"बसते मी," भामाबाई म्हणाल्या, आणि बसून राहिल्या.